फोटोच्या कडेला मावशी का फुगली?

घरातल्या एका समारंभानंतर आम्ही अकरा जण एका ओळीत उभे राहिलो. खोली लहान, मागे सरकायला जागा नाही. फोटो काढणाऱ्याने फोनवरचं ‘०.५’, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी वाइड लेन्स, दाबलं आणि सगळे फ्रेममध्ये मावले. फोटो बघताना डाव्या टोकाला उभी असलेली मावशी एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘‘अरे, मी एवढी कधी सुटले?’’ मधोमध उभा असलेला मी जसाच्या तसा होतो. उजव्या टोकाच्या काकांचे खांदे मात्र पैलवानासारखे दिसत होते, आणि ते त्यावर खूश होते. त्याच संध्याकाळच्या सेल्फीत फोन धरणाऱ्या मावसभावाचं नाक बाकीच्या चेहऱ्याच्या दोन पावलं पुढे निघालं होतं.

दोघांच्या तक्रारींना घरात एकच उत्तर मिळालं : ‘‘वाइड लेन्स आहे ना, म्हणून.’’

उत्तर चूक नाही, पण त्यात दोन वेगवेगळे गुन्हे एकाच आरोपीच्या नावावर टाकलेत. मावसभावाच्या नाकाचं कारण वेगळं, मावशीच्या रुंदीचं वेगळं. उपायही वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी नाकाचं बघू.

नाकाचं टोक आणि कान यांच्यात पुढे-मागे साधारण १२ सेंटीमीटरचं अंतर धरू. फोन नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर कान फोनपासून ४२ सेंटीमीटरवर पडतात. वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसते, आणि तीही सरळ प्रमाणात. म्हणजे ४२ भागिले ३० : कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटणार. आता फोन दीड मीटरवर न्या. नाक १५० वर, कान १६२ वर. फरक आठ टक्क्यांवर आला. तीन मीटरवर गेलात तर चारच टक्के.

या सगळ्या हिशेबात लेन्स कुठेच आली नाही, फक्त अंतर आलं. चेहऱ्याचे भाग एकमेकांच्या मानाने किती लहान-मोठे दिसणार, हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. हे पटत नसेल तर दोन मीटरवर कुणाला तरी उभं करा. एक फोटो फोनच्या साध्या कॅमेऱ्याने काढा, दुसरा त्याच जागेवरून झूमच्या कॅमेऱ्याने. पहिल्या फोटोतला चेहरा क्रॉप करून दुसऱ्याएवढा मोठा करा. पहिला थोडा फुटलेला दिसेल, पण नाक-कान-गाल यांचं प्रमाण तेच असेल.

मग वाइड लेन्स बदनाम का? कारण ती आपल्याला जवळ ओढते. तिच्यात माणूस लहानसा दिसतो. आपल्याला हवा असतो फ्रेमभर चेहरा, म्हणून आपण दोन पावलं पुढे टाकतो, नाहीतर हात अर्धवट दुमडून फोन तोंडाशी आणतो. नाक त्या दोन पावलांनी मोठं होतं. पोर्ट्रेट काढणारे फोटोग्राफर ८५ ते १३५ मिमीच्या लेन्स वापरतात (मिमीचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स वाइड), त्याचंही मोठं कारण हेच. त्या लेन्समधून चेहरा फ्रेममध्ये नीट बसवायचा तर आपोआप दीड-दोन मीटर किंवा आणखी मागे जावं लागतं.

सेल्फीतल्या नाकाचा हिशेब डॉक्टरांनीही मांडला आहे. अमेरिकेत आपल्या सेल्फी दाखवून ‘नाक लहान करून द्या’ म्हणणारे लोक प्लास्टिक सर्जनकडे येऊ लागले, तेव्हा रटगर्स आणि स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी चेहऱ्याचं एक गणिती मॉडेल केलं. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत गालाच्या हाडांच्या रुंदीच्या मानाने नाक जवळजवळ ३० टक्के जास्त रुंद दिसतं आणि ५ फुटांवरून हा फरक जवळपास नाहीसा होतो, असं त्यातून निघालं. म्हणजे काही जण हाताच्या लांबीवर ऑपरेशन करून घ्यायला निघाले होते.

याहून विचित्र एक अभ्यास २०१२ सालचा, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतला. त्याच माणसांचे फोटो एकदा ४५ सेंटीमीटरवरून आणि एकदा १३५ सेंटीमीटरवरून काढले आणि बघणाऱ्यांना विचारलं, हा माणूस कितपत विश्वासू वाटतो, किती कर्तबगार, किती देखणा. तिन्ही बाबतीत जवळून काढलेल्या फोटोंना कमी गुण मिळाले. चेहरा तोच होता. फोटो कुठून काढलाय हे बघणाऱ्यांच्या लक्षात येत नव्हतं, पण मत मात्र बदलत होतं. नोकरीच्या अर्जाला सेल्फी जोडणाऱ्यांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

इथे एक प्रश्न नेहमी येतो. ‘आरशात तर मी बरा दिसतो. आरसाही जवळच असतो की.’ आरसा जवळ असतो, पण आरशातले तुम्ही जवळ नसता. आरशापासून तुम्ही ६० सेंटीमीटरवर उभे असाल, तर प्रतिमा आरशाच्या मागे आणखी ६० सेंटीमीटरवर असते. म्हणजे तुम्ही स्वतःला सुमारे सव्वा मीटरवरून बघता. जन्मभर डोळ्यांत बसलेला आपला चेहरा हा असा लांबून पाहिलेला, शिवाय डावं-उजवं उलटलेला. ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत भेटतो तो माणूस आपल्या ओळखीचाच नसतो.

दुसऱ्या टोकाला जाऊनही भागत नाही, हे जाता जाता सांगतो. फार लांबून, मोठ्या झूमने काढलेला चेहरा सपाट होतो. नाक चेहऱ्याला चिकटल्यासारखं, कान समोर आलेले, गाल रुंद. दीड ते तीन मीटरच्या पट्ट्यात बहुतेक चेहरे आपल्याला ‘आपले’ वाटतात, कारण आपण माणसांना बऱ्याचदा तेवढ्या अंतरावरून बघतो.

आता मावशी.

मावशी कॅमेऱ्यापासून चांगली अडीच मीटरवर होती, त्यामुळे अंतराचा दोष तिला लावता येत नाही. तिचा घात केला तो फ्रेममधल्या जागेने. ही गोष्ट समजायला टॉर्च घ्या आणि अंधाऱ्या खोलीत भिंतीवर सरळ, काटकोनात मारा. प्रकाशाचा गोल वर्तुळाकार पडतो. आता मनगट वळवून तोच झोत भिंतीवर तिरका पडू द्या. गोल ताणला जाऊन लंबगोल होतो. टॉर्च तोच, झोत तोच, फक्त भिंत तिरकी भेटली.

कॅमेऱ्यात हेच उलट दिशेने घडतं. माणसाच्या डोक्याकडून येणारे किरण लेन्समधून शंकूसारखे आत येतात आणि सपाट सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या भागावर, पडतात. मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा शंकू सेन्सरला सरळ भेटतो, म्हणून डोकं गोल. कडेच्या माणसाचा शंकू तिरका भेटतो, म्हणून डोकं मध्यापासून बाहेरच्या दिशेला ताणलेलं. लेन्स जितकी वाइड, तितके कडेचे किरण तिरके आणि ताण जास्त. कोन माहीत असेल तर शाळेतल्या त्रिकोणमितीने आकडा काढता येतो. ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरवर ५० मिमीची लेन्स लावली तर डाव्या-उजव्या कडेला गोल वस्तू सुमारे ६ टक्के ताणली जाते, म्हणजे कळतही नाही. २४ मिमीला हाच ताण २५ टक्के होतो, १६ मिमीला ५० टक्के. फोनमधला अल्ट्रा-वाइड कॅमेरा, म्हणजे तोच ‘०.५’, साधारण १३ मिमीच्या तोडीचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १२० अंश बघणारा असतो. त्याच्या अगदी कोपऱ्यात चेंडू ठेवलात तर तो रुंदीच्या दुप्पट लांब येतो. चेंडूच्या जागी डोकं असेल तर काय होईल ते सांगायला नको.

आणि यातली गंमत अशी, की लेन्सने चूक काहीच केलेली नाही. उलट सरळ रेषा सरळ ठेवायचं काम तिने चोख केलंय. सपाट पृष्ठभागावर जग उतरवलं की हे होणारच. लेन्सचा उपयोग करून फोटो काढायची कला जन्मायच्या कितीतरी आधी चित्रकारांना हे ठाऊक होतं. खांबांची रांग समोरून यथार्थदर्शनाच्या, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या, नियमाप्रमाणे काढली, तर कडेचे खांब जास्त दूर असूनही मधल्यांपेक्षा जाड येतात, हे लिओनार्दो दा विंचीने नोंदवलंय. राफाएलने व्हॅटिकनमध्ये १५०९ ते १५११ या काळात ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे भित्तिचित्र रंगवलं. इमारतीच्या कमानी त्याने यथार्थदर्शनाच्या नियमांनी काटेकोर उभ्या केल्या, पण उजव्या कडेला दोघांच्या हातात जे गोल आहेत ते मात्र नियम बाजूला ठेवून स्वच्छ वर्तुळाकार काढले. नियम पाळला असता तर ते लंबगोल आले असते. माणसांच्या बाबतीतही त्याने तेच केलं. इमारतीला एक न्याय आणि माणसांना दुसरा. आजचे फोन पाचशे वर्षांनी हेच करायला शिकलेत, त्याकडे येतोच.

मावशी रुंद झाली, मग उंच का झाली नाही, असं मी सुरुवातीला स्वतःलाच विचारत होतो. उत्तर ओळीत आहे. आम्ही अकराही जण कॅमेऱ्यासमोर सरळ रेषेत, भिंतीला समांतर उभे होतो. कॅमेऱ्याला समांतर असलेल्या सपाट गोष्टीला कडेचा ताण लागत नाही. मावशीच्या जागी तिचा पुठ्ठ्याचा कटआउट उभा केला असता, तर तो तसाच्या तसा आला असता. पण माणूस पुठ्ठा नाही, त्याला जाडी आहे. कडेच्या माणसाची थोडी बाजूही कॅमेऱ्याला दिसते, आणि ती सगळी जाडी आडवी पसरते. उंची तीच, रुंदी जास्त. फोटोत माणूस ‘सुटतो’ तो असा.

यावर एक लोकप्रिय सल्ला आहे : टोकाच्या माणसांना पुढे घ्या, अर्धवर्तुळ करा, म्हणजे सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील. ऐकायला पटतं. वाइड लेन्सवर मात्र यामुळे तक्रार वाढते. २४ मिमीच्या कडेला असं अर्धवर्तुळ केलंत, तर टोकाचा माणूस उंचीनेही सव्वापट होतो आणि रुंदीने दीडपटीच्या वर जातो. करायचंच असेल तर उलटं करा. टोकाची माणसं अर्धं पाऊल मागे, मधली पुढे. आकार थोडा लहान होतो आणि ती मध्याकडेही किंचित सरकतात.

तिसरा एक प्रकार आहे, त्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं आणि माणसांच्या फोटोत त्याचा त्रास सगळ्यात कमी होतो : बॅरल डिस्टॉर्शन. यात दाराची चौकट, भिंतीची कड अशा सरळ रेषा पिंपाच्या बाजूंसारख्या बाहेर फुगतात. हा मात्र खरोखर लेन्सचा दोष. आजकाल कॅमेरा आणि फोन तो फोटो साठवण्याआधीच सॉफ्टवेअरने काढून टाकतात. रेषा सरळ करण्यासाठी कोपरे बाहेर ओढले जातात, आणि त्या कोपऱ्यांत माणसं असतील तर तीही ओढली जातात. दार सरळ झालं, काका रुंद झाले.

म्हणजे एकाच फोटोत भिंती सरळ आणि चेहरे गोल, असं दोन्ही मिळणार नाही का? एकाच नियमाने पूर्ण फोटो बनवला तर नाही मिळत. जगाच्या नकाशाची अडचण हीच आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना काहीतरी बिघडवावंच लागतं. शाळेतल्या भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. नकाशे काढायच्या पद्धतींत एक ‘स्टिरिओग्राफिक’ नावाची पद्धत आहे. तिच्यात गोल गोष्ट कडेलाही गोलच राहते, पण सरळ रेषा वाकतात. २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी या दोन्हींची सांगड घातली. फोटोतले चेहरे ओळखायचे, तेवढ्या भागापुरती स्टिरिओग्राफिक पद्धत लावायची, बाकी पार्श्वभूमीला सरळ रेषांचा नियम ठेवायचा आणि दोन्हींच्या मधला सांधा हळूहळू विरघळवायचा. राफाएलची युक्ती, फक्त गणिताने केलेली.

तुमच्या फोनमध्येही असं काही असू शकतं. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘लेन्स करेक्शन’ आहे, इतर कंपन्यांच्या फोनमध्ये ‘शेप करेक्शन’सारखी नावं दिसतात. डीएक्सओसारख्या कंपनीचं संगणकावर चालणारं सॉफ्टवेअरही कडेची माणसं नंतर सावरून देतं. ही साधनं उपयोगी आहेत, पण माझा त्यांच्यावर पूर्ण भरवसा नाही. चेहरा सावरला जातो, त्याखालचा दंड आणि कोपर ताणलेलेच राहतात, आणि नीट पाहिलं तर मान कुठेतरी चुकल्यासारखी वाटते. फोटो काढतानाच काळजी घेतलेली बरी.

मी स्वतः काय करतो? जागा असेल तर ‘०.५’ला हात लावत नाही. मागे जातो, आणि साध्या किंवा दुप्पट झूमवर ग्रुप बसवतो. जागा नसेल तर ओळ एक असायचा हट्ट सोडतो. दोन ओळी केल्या, पुढचे बसले, की रुंदी निम्मी होते आणि कडा मोकळ्या राहतात. त्या मोकळ्या कडा नंतर कापता येतात. एवढं करूनही कुणीतरी टोकाला जाणारच. तिथे घरातला सगळ्यात सडपातळ माणूस उभा करायचा, ही जुन्या फोटोग्राफरांची पद्धत मी बिनदिक्कत वापरतो.

उभा, पूर्ण उंचीचा फोटो काढताना हा ताण वर-खाली लागतो. डोकं वरच्या कडेला टेकलं की कपाळ लांब होतं. पाय खालच्या कडेजवळ आले की ते लांब होतात, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना आवडते. म्हणून फोन कमरेच्या उंचीवर, किंचित वर झुकवून धरायचा, डोक्यावर भरपूर जागा सोडायची आणि पावलं खालच्या कडेपाशी ठेवायची. फॅशनच्या फोटोंतले लांबसडक पाय बऱ्याचदा असे ‘उगवतात’. आपण मात्र फोन डोळ्यांपाशी धरून खाली झुकवतो, आणि लहान मुलांचे फोटो तर हमखास असेच काढतो. मग डोकं कॅमेऱ्याच्या जवळ, पावलं दूर, आणि पोर ढोलाएवढ्या डोक्याचं. गुडघ्यावर बसलं की हे मिटतं.

सेल्फीसाठी हात पूर्ण लांब करा, शक्य असेल तर फोन टेकवून टायमर लावा आणि मीटर-दीड मीटर मागे उभे राहा. चेहरा लहान आला तर क्रॉप करा. दोघा-तिघांची सेल्फी असेल तर फोन धरणाऱ्याची दुहेरी पंचाईत असते. तो सगळ्यात जवळही असतो आणि बहुतेक वेळा कडेलाही. मावसभावाचं नाक आठवा.

वाइड लेन्सने माणसांचे फोटो काढूच नयेत, असं मात्र मी म्हणणार नाही. कामात गढलेला माणूस आणि भोवती त्याची अवजारं, त्याचा पसारा, असा फोटो ८५ मिमीने येत नाही. तिथे २४ किंवा २८ हवीच. माणूस मध्याच्या आसपास, दीड मीटरच्या बाहेर, आणि कडांना वस्तू. ताणलेल्या खुर्चीची तक्रार खुर्ची करत नाही.

मावशीचं समाधान मात्र यातल्या कशानेच झालं नाही. फोटो तर आधीच सगळ्यांना पाठवला गेला होता. तेव्हा तिला एक प्रयोग दाखवला. असा ताणलेला फोटो एका ठरावीक जागेवरून पाहिला तर ताण नाहीसा होतो, कारण कडेचा भाग जितका तिरका उमटलाय तितक्याच तिरक्या नजरेने आपण तो बघतो. ही जागा फोटोच्या फार जवळ असते. फोनच्या पडद्यावर १४ सेंटीमीटर लांब दिसणारा अल्ट्रा-वाइड फोटो पाच-साडेपाच सेंटीमीटरवरून बघावा लागेल, आणि तिथे डोळ्याला काही स्पष्ट दिसत नाही. म्हणून फोटो टीव्हीवर लावला. तिथे तो ७० सेंटीमीटर रुंद होता. मावशीला पडद्याच्या बरोब्बर मध्यासमोर, वीतभर आणि चार बोटं एवढ्या अंतरावर बसवलं, एक डोळा झाकायला सांगितला, आणि मान न वळवता फक्त बुबुळ डावीकडे न्यायला सांगितलं.

ती बराच वेळ तशीच बसून होती. मग डोळ्यावरचा हात न काढता म्हणाली, ‘‘हां. ही मी.’’ आणि काकांना हाक मारली, ‘‘इकडे या, तुमचे खांदे बघा.’’